टीव्हीखालचा मिक्सर

गेल्या डिसेंबरात कॉमन रूममध्ये 'श्वास' लावला होता. हॉस्पिटलमधला शांत प्रसंग, आजोबा आणि नातू, सगळी रूम चिडीचूप. आणि टीव्हीखालच्या पीसीमधून घर्रर्रर्र! मागच्या गादीवरून कुणीतरी ओरडलं, "अरे तो मिक्सर बंद करा रे!"

आमच्यातल्या एका उत्साही कार्यकर्त्याने तो आदेश शब्दशः घेतला. पुढच्या शनिवारी त्याने कॅबिनेटच्या मागच्या फॅनची वायरच उपटली. शांतता मस्त होती, पण पाऊण तासाने ऐन क्लायमॅक्सला पीसी आपोआप बंद! उघडून पाहिलं तर हार्ड डिस्कला हात लावता येईना. गॅदरिंगच्या नाटकाचं शूटिंग तिच्यावर होतं, आणि दुसरी कॉपी कुठेच नव्हती. त्याच रात्री ते कॉपी करून घेतलं आणि मगच झोपलो.

मग वर्गणी काढून नवीन फॅन आणला. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'सायलेंट', वर चार निळे दिवे. लावला, आवाज तेवढाच. दिवे मात्र अंधारात सिनेमा बघताना डोळ्यात जायचे, ते वेगळंच.

चूक दुकानदाराची नव्हती, आमचीच होती. आम्ही आकडेमोड न करता खरेदी केली. ती आता करू.

पहिला प्रश्न, हवा लागते किती? सिनेमा चालू असताना आमचा पीसी साधारण ६० वॅट घेतो (लॅबमधला वॅटमीटर लावून पाहिलं). ही सगळी शेवटी उष्णताच होते. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला सुमारे १२०० ज्यूल लागतात. कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू नये असं ठरवलं, तर ६० भागिले १२०००, म्हणजे सेकंदाला फक्त पाच लिटर हवा. फॅनच्या खोक्यावरच्या भाषेत साधारण ११ सीएफएम. आता १२० मिमीचा कुठलाही बरा फॅन पूर्ण वेगाला ५०-६० सीएफएम देतो! तो आकडा मोकळ्या हवेतला असतो, कॅबिनेटमध्ये जाळी, फिल्टर आणि वायरींच्या गुंत्यामुळे बराच कमी होतो, हे खरं. तरी अर्ध्यापेक्षा कमी वेगात काम भागतं.

आणि सगळी गंमत या वेगातच आहे. मेकॅनिकलवाल्यांना फॅन लॉ पाठ असतील. वेग अर्धा केला की हवा अर्धी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो, म्हणजे १५ म्हणजे किती ते बघा. आता व्यास. एकाच घाटाचे दोन फॅन घेतले तर हवा व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. ८० मिमीचा फॅन २००० आरपीएमला जेवढी हवा ढकलतो, तेवढी १२० मिमीचा सुमारे ६०० आरपीएमलाच ढकलतो, आणि हिशेबाने आवाज १४ डेसिबलच्या आसपास कमी. आमचा तो 'सायलेंट' फॅन ८० मिमीचा होता आणि २५०० आरपीएमने फिरत होता. बिचारा काय करणार!

त्यामुळे खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्यावर फार जाऊ नका. प्रत्येक कंपनीची मोजायची पद्धत वेगळी, आणि तोही मोकळ्या हवेतला. त्यापेक्षा किमान आरपीएम किती ते बघा. आर्क्टिकचा पी१२ पीडब्ल्यूएम २०० पर्यंत उतरतो. नॉक्टुआचा एनएफ-ए१२एक्स२५ पीडब्ल्यूएम ४५० पर्यंत, तो भारी आहे पण मेसच्या बिलाकडे बघून निर्णय घ्यावा. फॅन चार पिनचा घ्या. चौथ्या पिनवरून मदरबोर्ड साधारण २५ किलोहर्ट्झच्या पल्सने वेग सांगतो, आणि ती फ्रिक्वेन्सी कानाच्या पलीकडची असल्यामुळे तिची कुई ऐकू येत नाही. तीन पिनवाला वाईट नाही, त्याला व्होल्टेज कमी करून हळू करता येतं. पण फार उतरवलं तर तो सुरूच होत नाही. बेअरिंग फ्लुइड प्रकारचं असेल तर उत्तम. स्वस्त स्लीव्ह बेअरिंगचा फॅन आडवा बसवला की लवकर खरखरायला लागतो.

फॅन बदलायच्या आधी दोन गोष्टी कराच. एक, सिनेमा चालू असताना सीपीयू किती टक्के चाललाय ते बघा. प्लेअरमध्ये हार्डवेअर डीकोडिंग बंद असेल तर जे काम ग्राफिक्स चिपने करायचं ते सीपीयू करत बसतो, तापतो आणि फॅन बोंबलतो. आमच्याकडे नेमकं हेच होतं. सेटिंगमधली एक टिक, खर्च शून्य! दोन, बायोसमध्ये फॅनचा वेग हळूहळू बदलेल असं ठेवा. एकसारखा आवाज कान पाच मिनिटांत विसरतो, सारखा वर-खाली होणारा विसरत नाही.

शेवटी आम्ही पुढच्या बाजूला १२० मिमीचा एकच फॅन लावला, ७०० आरपीएमला. दिवेवाला काढला. पीसी टीव्हीच्या बंद कपाटात होता, तिथे तो स्वतःचीच गरम हवा परत ओढत होता, म्हणून कपाटाची मागची फळी काढून टाकली. हार्ड डिस्कखाली रबराचे तुकडे घातले, कारण निम्मी घरघर फॅनची नव्हतीच, पत्रा थरथरायचा त्याची होती. फिल्टरवरची धूळ महिन्यातून एकदा झटकायची ड्यूटी लावली आहे. कुणाची, ते बोर्डावर लिहिलंय.

एप्रिल-मेमध्ये वरचा सीलिंग फॅन पाचवर असतो तेव्हा या सगळ्याचा काही उपयोग नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. तेव्हा पीसीचा वेग खुशाल वाढवा, त्याला गरजही असते आणि ऐकूही येत नाही.

आता ऐकू येते ती फक्त पॉवर सप्लायची घरघर. तो उघडायचा नाही, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात. मोठ्या फॅनचा जुना, चालू पॉवर सप्लाय कुणाकडे पडून असेल तर कॉमन रूममध्ये आणून द्या.