बोट आणि हात

चोपडा-यावलच्या पट्ट्यात महानुभाव पंथ परका नाही, त्यामुळे वचनाला पदर असतात हे इथे वेगळे समजावावे लागत नाही. केसोबासांच्या दृष्टांतपाठात आधी चक्रधरांचे सूत्र, मग त्यांनीच दिलेला दृष्टांत आणि शेवटी केसोबासांनी जोडलेले दार्ष्टांतिक येते. त्याच तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये ज्यूंच्या धर्मग्रंथवाचनाच्या चार पायऱ्यांना ‘पर्देस’, म्हणजे फळबाग, हे नाव मिळाले: पशात हा सरळ अर्थ, रेमेज सूचित, दराश खणून काढलेला आणि सोद गूढ. चार अर्थ मान्य केले की कोणीही काहीही अर्थ लावील, हा आक्षेप ठरलेला. मला तो पटत नाही, कारण वाचनाची प्रत्यक्ष रीत फार काटेकोर आहे.

वल्हांडणाच्या रात्री ज्यू घरांत वाचतात ती हग्गादा पाहा. बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू कुटुंबांसाठी ती १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठीत छापली गेली. हग्गादाच्या प्रचलित पाठात गालीलचा रब्बी योसे हिशेब मांडतो. इजिप्तवर दहा पीडा आल्या, तेव्हा तिथले जादूगार देवाच्या ‘बोटा’विषयी बोलले, समुद्राकाठी मात्र ग्रंथात ‘हात’ येतो. एका बोटाच्या दहा पीडा, तर हाताच्या पन्नास! रब्बी एलिएजर प्रत्येक पीडा चौपदरी धरून दोनशे मोजतो, रब्बी अकिवा पाचपदरी धरून अडीचशे. चार की पाच, हा वादही स्तोत्रातल्या एका ओळीतले शब्द कसे मोजायचे यावरचा. कल्पना कितीही उंच गेली तरी पाय शब्दावरच आहेत.

यात सरळ अर्थ बुडतो, असेही कोणी म्हणेल. पण वचन आपला सरळ अर्थ सोडत नाही, हा दंडक तल्मूदातच आहे. आणि ही चैन केवळ पंडितांची नव्हे: बेने इस्राएलांनी एकोणिसाव्या शतकात बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तने उभी केली, म्हणजे खणून काढलेला अर्थ टाळ-पेटीच्या साथीने घराघरांत पोचवला. सरळ अर्थाचा पहारा तर घरातूनच होत असे. अकराव्या शतकातला राशी हा सर्वांत मोठा भाष्यकार. त्याचा नातू राशबाम आजोबांशी वाद घालत असे. वेळ मिळाला असता तर सरळ अर्थाला धरून नवी भाष्ये लिहिली असती, अशी कबुली आजोबांनी दिल्याचे नातवाने नोंदवून ठेवले आहे. आजच्या अनेक छापील प्रतींत मूळ वचनाभोवती दोघांची भाष्ये एकाच पानावर असतात.