राळेगणसिद्धी बघायला जाताय? मग सुरुवात डोंगराच्या माथ्यावरून करा, शेवट कुकडीच्या काठावर!

पारनेर : नदीकाठच्या गावात गेलं की काय बघायचं हे कुणाला सांगावं लागत नाही. घाट असतो, देऊळ असतं, काठावर मासे धरणारे असतात. पण ज्या गावाला बारमाही नदीच नाही, तिथं पाणी बघायला जायचं तर नेमकं कुठं बघायचं? राळेगणसिद्धीला येणाऱ्या पाहुण्यांची नेमकी इथंच फसगत होते. गाडी मंदिरासमोर थांबते, अण्णा हजारे भेटले तर फोटो होतो, चहा होतो आणि तासाभरात मंडळी परत. खरं गाव बघायचं राहूनच जातं. ग्रामपंचायतीच्या अभ्यास दौऱ्यावर आलेल्यांचंही बऱ्याचदा असंच होतं. म्हणून एका दिवसात काय बघावं आणि कोणत्या क्रमानं बघावं, ते इथं देत आहोत.

कसं पोहोचाल?

पुणे-नगर महामार्गावर वाडेगव्हाणला राळेगणसिद्धीचा फाटा आहे. तिथून गाव साधारण 5 किलोमीटर आत. पुण्याहून अंतर 90 किलोमीटरच्या आत-बाहेर, त्यामुळं सकाळी लवकर निघालात तर संध्याकाळी घरी. एसटीनं येणाऱ्यांनी फाट्यावर उतरून पुढं मिळेल ते वाहन धरायचं. एक गोष्ट आधीच सांगतो. गावात नशाबंदी आहे, विडी-सिगारेट-तंबाखूही चालत नाही. तेव्हा खिशातली पुडी घरीच ठेवून या.

आधी माथा, मग पायथा

पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस कमी, आणि येतो तोही बेभरवशाचा. 1975 साली अण्णा लष्करातून निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा गावात जेमतेम 70 एकर जमीन ओलिताखाली होती आणि दारूच्या भट्ट्या मात्र 30 च्या वर होत्या. पाऊस पडायचा, पण उतारावरून माती घेऊन वाहून जायचा.

म्हणून गाव बघताना पाण्याच्या वाटेनं चाला. सुरुवात वरच्या उतारापासून करा. तिथं समान उंचीवर खणलेले आडवे चर आणि लावलेली झाडं दिसतील. धावतं पाणी तिथं थांबतं, थोडं मुरतं. त्याखाली शेतांची बांधबंदिस्ती. मग ओढ्यात एकाखाली एक नालाबांध. काही ठिकाणी तारेच्या जाळीत दगड भरून केलेले बंधारे आहेत, त्यांना गॅबियन म्हणतात. ते माती अडवतात, पाणी पुढं सोडतात. गावाच्या शिवारात असे 48 नालाबांध, 16 गॅबियन आणि 5 सिमेंट बंधारे झाल्याची नोंद आहे. सगळ्यात शेवटी पायथ्याच्या विहिरी.

हा क्रम महत्त्वाचा आहे. वरचं काम न करता खालीच बंधारा बांधला तर दोन पावसाळ्यांत तो गाळानं भरतो. आपल्याकडं कितीतरी गावांत असे भरलेले बंधारे आहेत, बघायला लांब जायला नको.

पाझर तलावाची गोष्ट

गावकऱ्यांना एक गोष्ट जरूर विचारा, पाझर तलावाची. सरकारी तलाव होता, पण त्यात पाणी टिकत नव्हतं. लोकांनी श्रमदान करून बांध नीट केला. पुढच्या उन्हाळ्यात तलावाखालच्या 7 विहिरींना पाणी राहिलं. लोकांचा विश्वास बसला तो तिथून. तलावात पाणी दिसत नाही म्हणून तो वाया गेला असं समजू नका. पाझर तलावाचं काम पाणी दाखवायचं नसतं, मुरवायचं असतं. ते पाणी बघायचं तर विहिरीत डोकवा.

मंदिर, शाळा आणि नियम

यादवबाबा मंदिर हे गावाचं मध्यवर्ती ठिकाण. मंदिराची लाकडं काढून भट्ट्यांत जाळली गेली होती, असं इथले लोक सांगतात. अण्णांनी स्वतःची पुंजी घालून मंदिर दुरुस्त केलं आणि गावाच्या बैठका तिथं सुरू झाल्या. 1980 मध्ये गावानं धान्य बँक काढली. अडलेल्यानं धान्य न्यायचं, पीक आलं की परत करायचं. गावाची शाळाही बघण्यासारखी आहे. इतर ठिकाणी नापास झालेल्या मुलांना घेणारी म्हणून तिचं नाव झालं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट फोटोत येत नाही, ती म्हणजे पंचसूत्री : नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान. डोंगरावर मोकळी जनावरं सोडली असती तर एक झाड जगलं नसतं. सगळ्यांनी ऊस लावला असता तर मुरवलेलं पाणी दोन-चार जणांच्याच शेतात गेलं असतं. म्हणून जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर बंदी आली आणि कडधान्य, तेलबिया यांवर भर दिला गेला. पुढं ओलिताचं क्षेत्र 2,500 एकरांपर्यंत गेल्याचं सांगितलं जातं. यात गावानं मुरवलेलं पाणी आहे, तसंच कुकडी कालव्यावरून उपसून आणलेलं पाणीही आहे. दोन्ही बाजू समजून घेतल्या तरच हिशेब लागतो.

दुपारनंतर निघोज

कालव्यातल्या पाण्याला नाव देणारी ती कुकडी बघायची तर पाऊण-एक तासावर निघोज आहे. इथं पारनेर आणि शिरूर तालुक्यांची हद्द म्हणजे नदीच. अलीकडं निघोज, पलीकडं टाकळी हाजी, आणि दोन्ही काठांवर मळगंगा देवीचं मंदिर. चैत्रात मोठी यात्रा भरते. निघोजच्या बारवेतून निघणाऱ्या घागरीच्या दर्शनाला लांबून लोक येतात.

नदीच्या पात्रात काळ्या कातळाला पडलेली रांजणाच्या आकाराची भोकं म्हणजे इथले प्रसिद्ध रांजणखळगे, गावच्या भाषेत कुंड. सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे एकाच जागी फिरत राहतात, कातळ खरवडतात, आणि हजारो वर्षांत खळग्याचा रांजण होतो. खळग्याच्या तळाशी बघा, गुळगुळीत झालेले गोटे अजून दिसतात.

इथं जिवाला जपा

खळगे बघायचे तर हिवाळा-उन्हाळा, पाणी उतरल्यावर. कडा घासून गुळगुळीत झालेल्या असतात, त्यात शेवाळ. वरून शांत दिसणाऱ्या कुंडाची खोली कळत नाही आणि पडलेल्याला धरायला आत काही सापडत नाही. पोहणारासुद्धा फसतो. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं, ऊन असलं तरी. पावसाळ्यात झुलत्या पुलावरूनच बघा. लेकरांचा हात सोडू नका, आणि सेल्फीसाठी कडेला तर अजिबात जाऊ नका.

कधी यावं, काय विचारावं?

नालाबांध भरलेले बघायचे तर सप्टेंबर-ऑक्टोबर. पण गावाची खरी परीक्षा मे महिन्यात असते. सरपंच-सदस्यांनी दौरा काढायचा तर मे महिन्यातच काढावा आणि तीन प्रश्न विचारावेत. आज विहिरीला किती हात पाणी आहे? बंधाऱ्यातला गाळ शेवटचा कधी काढला? आणि नियम मोडणाऱ्याचं काय करता?

बंधारा कसा बांधायचा हे कोणताही इंजिनिअर सांगेल. पण तो बांधल्यावर गावानं कसं वागायचं, ते या तीन उत्तरांतून कळेल. ती वहीत लिहून आणा आणि आपल्या ग्रामसभेत वाचून दाखवा. नाहीतर दौऱ्याचं बिल तेवढं निघतं, आणि उन्हाळ्यात गावात टँकर येतो तो येतोच.