शिमग्याच्या सुट्टीत समुद्रकिनारी तंबू टाकताय? आधी तिथी बघा, मग जागा ठरवा

शिमग्याला मुंबई-पुण्याचे चाकरमानी गावी येतात. पालखी नाचवून झाली की मित्रांचा बेत ठरतो: एक रात्र समुद्रावर काढायची. सुरूच्या बनात तंबू, शेकोटी, सकाळी आंघोळ. थंडी सरलेली, पावसाला अवकाश, त्यामुळे फाल्गुन-चैत्राचे दिवस यासाठी चांगलेच. तंबूही आता भाड्याने मिळतात. पण रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर रात्र काढायची तर भरती, वारा, आग आणि वाळूखालची कासवाची अंडी यांचा हिशेब आधी करावा लागतो. तो चुकला तर सहल जिवावर बेतू शकते.

भरती किती वाजता येणार?

दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं. म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते.

कोकणातला जुना तोंडी हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. षष्ठी असेल तर साडेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हा अंदाज आहे. गावागणिक अर्धा-एक तास मागेपुढे होतो, म्हणून स्थानिक कोळी बांधवांना विचारून खात्री करावी.

आता होळीचा हिशेब बघा. होळी पौर्णिमेला. म्हणजे भरती येते दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास. शिवाय पौर्णिमा-अमावस्येला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकत्र पडते, त्यामुळे पाणी नेहमीपेक्षा जास्त वर चढतं. यालाच उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास हीच भरती कमी असते, तो भांग.

संध्याकाळी ओहोटीला किनारा लांबलचक, कोरडा दिसतो. 'इथंच टाकूया' म्हणून तिथं तंबू ठोकला आणि सगळे झोपले, की बाराच्या सुमारास पाणी अंथरुणात. गाडी वाळूत उतरवली असेल तर चाकं रुततात आणि भरती येईपर्यंत ती निघतेच असं नाही.

जागा कुठं निवडायची?

वाळूवर कचरा, शेवाळ आणि शिंपल्यांची एक रेघ दिसते. मागच्या भरतीचं पाणी तिथपर्यंत आलं होतं. उधाण वाढतं असेल तर आजचं पाणी त्याच्याही वर येईल. तंबू त्या रेघेच्या बराच वर, पक्क्या जमिनीवर हवा. खाडीच्या मुखाजवळ नको.

सुरूच्या बनातही वर बघून जागा निवडा. सुरू वाऱ्याला अडवण्यासाठी लावलेला असतो, पण वाळूत त्याची पकड कमी पडते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात किनाऱ्यावरची कितीतरी झाडं आडवी झाली. कललेल्या, वाळक्या झाडाखाली झोपू नये. माडाखाली तर नाहीच, नारळ डोक्यात पडायला वादळ लागत नाही.

बऱ्याच ठिकाणी सुरूचं बन वनखात्याचं असतं. आधी वनरक्षक किंवा ग्रामपंचायतीला विचारा. परवानगी नसेल तर गावातल्या कुणाच्या आगरात, अंगणात पैसे देऊन तंबू टाकता येतो. पाणी आणि शौचालयाची सोयही होते.

शेकोटी

सुरूचा वाळलेला पाला सुयांसारखा असतो, खाली जाड थर साचतो आणि ठिणगीने भडकतो. मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर समुद्रावरून जोराचा वारा सुटतो. राखीव जंगलात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 नुसार गुन्हा आहे. म्हणून बनात चूल नको. स्वयंपाक गावात करून न्यावा.

परवानगीच्या जागी मोकळ्या वाळूत शेकोटी केलीच, तर निखाऱ्यांवर नुसती वाळू लोटू नका. वरून थंड दिसतं, आत निखारे तासन्‌तास धगधगत राहतात. सकाळी अनवाणी पोराचा पाय त्यावर पडतो. पाणी ओतून, हात लावून थंड झाल्याची खात्री करा.

वाळूखाली अंडी

हेच दिवस ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर पडण्याचे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने संवर्धनाचं काम सुरू केलं. पुढे दापोली, गुहागरसह इतर किनाऱ्यांवरही ते पोचलं. मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. दीड-दोन महिन्यांत पिल्लं निघतात आणि जिथं जास्त उजेड दिसेल तिकडे धावतात. एरवी तो उजेड समुद्राचा असतो. किनाऱ्यावर हॅलोजन, गाडीचे दिवे, शेकोटी असली की पिल्लं उलट दिशेने जातात आणि मरतात. गाडीच्या चाकाखाली घरटंही दबतं. कासव वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. वाळूत माग दिसला तर हात न लावता कासवमित्र किंवा वनरक्षकाला कळवा.

पाण्यात उतरताना

- ओहोटी लागल्यावर खाडीच्या मुखाशी आंघोळ नको. पाणी आत खेचतं.
- लाटांच्या मध्ये एखादा पट्टा शांत दिसतो, तिथंच बहुतेक वेळा पाणी बाहेर ओढत असतं. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दम जातो. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ संपली की मग वळा.
- कुणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारू नका. दोरी, रिकामा कॅन, ट्यूब फेका आणि ओरडून कोळ्यांना बोलवा.
- हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गासारख्या खडकांवर भरतीच्या वेळी जाऊ नका.
- दारू प्यायलेल्याला पाण्यात सोडू नका. मित्र म्हणून एवढं करायचंच.

निघताना घरी सांगा: कुठला किनारा, कोण कोण, परत कधी. पिण्याचं पाणी भरपूर, टॉर्च आणि चार्ज केलेला मोबाईल सोबत असू द्या. काही झालं तर मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108. साप चावला तर जखम कापू नका, करकचून बांधू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा. आणि येताना कचरा पिशवीत भरून परत आणा.