२०४८ साठी चाली किती?

संगणकावर फुकट खेळता येणारे खेळ पुष्कळ आहेत. त्यांपैकी ‘२०४८’ मात्र कागद-पेन्सिल जवळ घेऊन खेळा. गॅब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन तरुणाने २०१४ साली शनिवार-रविवारच्या सुटीत तो तयार केला आणि आज्ञावलीसह सर्वांना मोफत खुला केला.

पट ४ × ४ घरांचा. बाणाची कळ दाबली की सर्व सोंगट्या त्या दिशेला सरकतात. सारख्या दोन भिडल्या की त्यांची एक होते : २ व २ ची ४, ४ व ४ ची ८. प्रत्येक चालीनंतर नवी सोंगटी येते. दहांत सरासरी नऊ वेळा २ ची, एकदा ४ ची.

आता गंमत पाहा. सोंगट्या एक झाल्या तरी पटावरील बेरीज बदलत नाही! ती वाढते फक्त नव्या सोंगटीमुळे, म्हणजे दर चालीला सरासरी २.२ ने. मग २०४८ ला २.२ ने भागा. सुमारे ९३० चाली तरी हव्यातच. कितीही हुशार खेळाडू असो. तेवढ्यात पट भरला, तर डाव संपला. (मोठी सोंगटी कोपऱ्यात ठेवून पाहा.)

या पटावर सर्वांत मोठी सोंगटी १,३१,०७२ ची, म्हणजे २ चा १७ वा घात, होऊ शकते. घरे १६, मग घात १७ कसा?