मागे नेणारा बाण

2004 साली जीमेल आलं, पुढच्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स. पान न बदलता आतला मजकूर बदलतो, याचंच तेव्हा केवढं अप्रूप! त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या तंत्राला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं. मग जो तो तसं करू लागला. पण ब्राउझरमधला पत्ता जागचा हलत नसे. चार क्लिक करून आत गेलेला माणूस मागचा बाण दाबायचा आणि थेट साइटच्या बाहेर पडायचा.

तोड निघाली हॅशची. पत्त्यातला हॅशनंतरचा भाग बदलला तरी पान पुन्हा लोड होत नाही, हिस्टरीत नोंद मात्र पडते. मेख अशी, की तो भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. कुठला लेख हवा हे सर्व्हरला कळत नाही. तो रिकामा सांगाडा धाडतो, बाकी सगळं जावास्क्रिप्टच्या भरवशावर. फेब्रुवारी 2011 मध्ये जावास्क्रिप्ट अडलं आणि गॉकर या ब्लॉग-समूहाच्या सगळ्या साइट्स कोऱ्या पडल्या. ट्विटरनेही हाच मार्ग धरला होता. 2012 मध्ये तो सोडला.

तोवर पुशस्टेट आलं होतं. पान तेच ठेवून खराखुरा पत्ता बदलता येऊ लागला. इंटरनेट एक्सप्लोररला ते दहाव्या आवृत्तीत, 2012 साली मिळालं. तोपर्यंत दोन्ही वाटा सांभाळाव्या लागल्या. पुढे राउटर लायब्ररी आल्या, 2022 मध्ये क्रोमने नॅव्हिगेशन एपीआय दिली. आता लिंक, फॉर्म, मागचा बाण, सगळं एकाच इव्हेंटमध्ये हाती लागतं. मला ती मनापासून आवडते. पण पत्त्यात काय जायला हवं, हे तीही ठरवून देत नाही.

आम्ही साड्यांच्या एका दुकानाची साइट केली होती. लाल रंग निवडून चाळिसाव्या साडीपर्यंत उतरलेली बाई एक साडी उघडून बघायची, मागे यायची, तर यादी पुन्हा पहिल्यापासून, रंगही गेलेला. चूक आमची होती: रंग आणि पान क्रमांक आम्ही नुसते मेमरीत ठेवले होते. ते पत्त्यात टाकले. ती कुठवर उतरली होती, तेही हिस्टरीच्या त्याच नोंदीत साठवलं. आता मागे आलं की तीच चाळिसावी साडी समोर असते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक धाडली, तर बहिणीच्या फोनवरही लाल साड्याच उघडतात.