एसीतला गॅस संपत नाही

गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही की खर्ची पडत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बंपरमागच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटला की दाब कोसळतो आणि डॅशबोर्डखालच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना तो केबिनमधली उष्णता शोषून घेतो. छोट्या हॅचबॅकचा हा सगळा कारभार जेमतेम चारशे-पाचशे ग्रॅम गॅसवर चालतो. एसी पूर्ण जोरात असला की तेवढा गॅस साधारण पंधरा-वीस सेकंदांत एक फेरी मारतो. रबरी नळ्यांतून वर्षाकाठी थोडे ग्रॅम झिरपतात हे खरं. पण दर उन्हाळ्यात ‘टॉप-अप’ लागत असेल, तर कुठंतरी गळतंय एवढाच त्याचा अर्थ.

गळकी कॉइल सुट्टीच्या दिवशी पार्किंगमध्ये स्वतः बदलणारे हौशी लोक असतात. डॅशबोर्ड उतरवण्याइतका धीर असेल, तर खोलणं-जोडणं आवाक्यातलं आहे. एक पथ्य मात्र आधीच पाळायचं. उरलेला गॅस नळी ढिली करून हवेत सोडायचा नाही, गॅरेजमधल्या रिकव्हरी मशीनवर काढून घ्यायचा. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए असतो. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे चौदाशे पट जोरकस आहे. चारशे ग्रॅम हवेत सोडणं म्हणजे दोनशेहून अधिक लिटर पेट्रोल जाळण्याइतकं पाप. शिवाय उघड्यावर तो उणे २६ अंशांना उकळतो. त्याची धार बोटावर आली तर कातडी गोठते.

जोडताना प्रत्येक सांध्याची ओ-रिंग नवी हवी आणि तिला कॉम्प्रेसरचंच ऑइल लावायचं, ग्रीस नाही. अॅल्युमिनियमचे आटे असल्यामुळे पाना जोर लावून फिरवायचा नाही. ऑइलचा हिशेब मात्र बरेच जण विसरतात. बहुतेक कॉम्प्रेसरना इंजिनासारखं ऑइलचं वेगळं चेंबर नसतं. ऑइल गॅसबरोबरच फिरतं आणि थोडं प्रत्येक भागात मुरून राहतं. जुनी कॉइल काढली की तिच्यातलं ऑइलही गेलं. तेवढं परत घालायला हवं. (ऑइल गॅसबरोबर फिरतं म्हणूनच गळतीच्या जागी तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. महागड्या यंत्राआधी डोळे वापरावेत.) हे ऑइल हवेतली वाफ झपाट्याने पितं, म्हणून डबा उघडा ठेवायचा नाही. गॅसमधला ओलावा शोषणाऱ्या नव्या ड्रायरची टोपणंही अगदी शेवटी काढायची. रत्नागिरीच्या पावसाळ्यात तर हे काम न केलेलंच बरं.

जोडून झालं की घाई होते ती गॅस भरायची. माझ्या मते एसीचं अर्धं भवितव्य त्याआधीच्या पाऊण तासात ठरतं. नळ्यांत आता हवा आहे आणि ओलावाही आहे. हवा कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही. ती जागा अडवते आणि गॅसच्या दाबात स्वतःच्या दाबाची भर घालते. पाणी त्याहून खोडसाळ. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्राशी ते गोठतं, एसी गार हवा देता देता थांबतो, थोड्या वेळाने बर्फ वितळला की पुन्हा सुरू होतो. शिवाय ते आतून धातू कुरतडतं.

हे दोन्ही बाहेर काढायला व्हॅक्यूम पंप लावतात. तो पाणी ओढून काढतो, असं अनेकांना वाटतं. खरं तर तो ते उकळवतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो आणि पाणी १०० अंशांना उकळतं. हाच दाब ३२ मिलिमीटरच्या खाली नेला, तर पाणी ३० अंशांनाच उकळतं आणि वाफ होऊन पंपातून निघून जातं. याला वेळ लागतो, म्हणून पाच मिनिटं व्हॅक्यूम मारून भागत नाही. काट्याचीही एक गंमत आहे. मुंबईत पूर्ण निर्वातावर गेज पाऱ्याचे जवळपास ३० इंच दाखवतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. तिथे हवाच विरळ, म्हणून काटा २८ इंचांच्या आसपास अडतो. पुण्यात बसून मॅन्युअलमधला २९ इंचांचा आकडा गाठू पाहणारा माणूस उगाच पंपाला दोष देत बसेल.

पंप बंद केल्यावर काटा हलला नाही, म्हणजे गळती नाही, असंही समजू नये. निर्वातात बाहेरची हवा फक्त एका वातावरणाच्या दाबाने आत रेटते. एसी चालू असताना उन्हाळ्यात गॅस आतून पंधराएक पट दाबाने बाहेर रेटत असतो. त्यामुळे व्हॅक्यूमआधी कोरडा नायट्रोजन भरून सांध्यांवर साबणाचा फेस लावणं जास्त भरवशाचं.

गॅस भरायचा तो वजन करून. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम छापलेले असतात. एसी बंद असताना दाबावरून गॅसचा अंदाज घेणं भौतिकशास्त्राला मंजूर नाही. नळ्यांत द्रव शिल्लक आहे तोवर दाब केवळ तापमानावर ठरतो. ३० अंशांना आर-१३४ए साधारण ९७ पीएसआय दाखवणार, मग आत दोनशे ग्रॅम असो वा चारशे. घरचा सिलिंडर किती उरलाय हे शेगडीच्या ज्योतीवरून कळत नाही, उचलूनच पाहावा लागतो, तसंच हे. जास्त भरला तर कंडेन्सर द्रवाने तुंबतो, दाब चढतो आणि गारवा उलट कमी होतो.

आता क्लच, म्हणजे कॉम्प्रेसरला इंजिनाच्या पट्ट्याशी जोडणारा-तोडणारा भाग. १९४० च्या पॅकार्ड मोटारीत कारखान्यातूनच एसी बसवून मिळायचा, पण त्याच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर गाडी थांबवून पट्टा उतरवावा लागे. आज क्लच असलेल्या कॉम्प्रेसरमध्ये पुली आणि पुढची पोलादी प्लेट यांच्यात साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट असते. बटण दाबलं की मागच्या तांब्याच्या वेटोळ्यात वीज जाते, ते चुंबक बनून प्लेट खेचतं. झिजून ही फट वाढली की मजेशीर बिघाड होतो. सकाळी एसी चालतो, भर दुपारी ट्रॅफिकमध्ये बंद पडतो. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. वेटोळं २० वरून १०० अंशांवर गेलं की प्रवाह पाऊणपट उरतो, आणि खेच प्रवाहाच्या वर्गानुसार बदलत असल्यामुळे ती निम्म्याच्या जरा वर येते. वाढलेल्या फटीपलीकडची प्लेट तिला पेलत नाही. इथे खापर हमखास गॅसवर फुटतं; फिलर गेजने फट मोजून प्लेटमागची एक पातळ चकती (शिम) काढली की काम होतं.

सगळं मोजून-मापून केलं आणि तरी व्हेंटमधून कोमट हवा आली, तर हीटरची झडप पाहायची. कॉइलशेजारीच हीटर असतो, त्यात इंजिनाचं गरम पाणी फिरतं आणि एक झडप गार-गरम हवेचं मिश्रण ठरवते. डॅशबोर्ड परत लावताना तिची केबल एखादी खाच चुकली, तर झडप पूर्ण मिटत नाही आणि एसी बिचारा हीटरशी झुंजत बसतो. इंजिन थंड असताना हीटरकडे जाणारी रबरी नळी क्लॅम्पने आवळायची, मग इंजिन सुरू करून एसी लावायचा. इंजिन तापल्यावरही हवा गार राहिली, तर क्लॅम्प काढून केबलची क्लिप एक खाच सरकवायची.