लेकीचं गाव नऊ तासांवर!

नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीच्या रांगेत उभं राहिलं, की अनोळखी बायकांच्याही गप्पा रंगतात. "मुलगी कुठे दिलीत?" या प्रश्नाला पूर्वी उत्तर यायचं, कल्याणला, नाशिकला, फार तर इंदूरला. आता सहज ऐकू येतं, "लंडनला. नऊ तासांवर तर आहे!" पण मैत्रिणींनो, लेकीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच एकटीनं निघणाऱ्या आईनं या नऊ तासांचा हिशेब आधी नीट मांडावा.

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' विमान मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनीव्हा अशी दोन ठाणी घेत. आता थेट विमान कुठेही न थांबता साधारण साडेनऊ-दहा तासांत पोहोचतं. येताना मात्र तासभर कमी लागतो. कित्येकींना वाटतं, पृथ्वी फिरते म्हणून! तसं नव्हे. उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून अडवतात, येताना पाठीमागून ढकलतात. वाटेतल्या एखाद्या देशानं आकाश बंद केलं, तर वळसाही पडतो. 2022 मध्ये युद्धामुळे युक्रेनचं आणि एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांसाठी पाकिस्तानचं आकाश बंद झालं, तेव्हा तसंच झालं.

तिकिटावरच्या वेळाही चकवतात. समजा, विमान दुपारी 1.30 ला सुटतं आणि संध्याकाळी 6.30 ला पोहोचतं. म्हणजे पाचच तास? छे! दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या. लंडनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेचार तास असतं, हिवाळ्यात साडेपाच. पाचात साडेचार मिळवा, झाले साडेनऊ.

आता घराच्या उंबरठ्यापासून मोजू. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे साडेदहाला हजर हवं. ठाण्याची वाहतूक धरता नऊला घर सोडावं. तिकडे उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान, मग लेकीच्या घरापर्यंतची वाट, यात तीन तास सहज जातात. तेव्हा तिथे रात्रीचे साडेनऊ, पण आपल्याकडे पहाटेचे दोन! नऊ तासांचा प्रवास असा सतरा तासांचा होतो.

म्हणूनच औषधांचा प्रश्न आधी सोडवा. रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी कोणत्या घड्याळानं घ्यायची, हे तिकीट दाखवून डॉक्टरांनाच विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. मनगटावरचं घड्याळ पोहोचेपर्यंत भारताच्याच वेळेवर राहू द्या. विमानात अधूनमधून उठून चार पावलं चाला, पाणी पीत राहा. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागून ठेवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि सोबत माणूसही मिळतं.

निघण्यापूर्वी घरच्या मंडळींनाही हा हिशेब कागदावर लिहून द्या. सुखरूप पोहोचल्याचा फोन रात्री अकराच्या आधी यायचा नाही, हे ठाऊक असलं की संध्याकाळपासून कुणी येरझारा घालत बसणार नाही.